यझ्दचा एक तास घ्या : इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या माध्यमिक शाळांत इतिहास आणि भूगोल शिकवणारे सर्व शिक्षक,
आणि या विषयांची पुस्तकं लिहिणारे लेखक-संपादक

सप्रेम नमस्कार.

माझी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. इतिहासाचे शिक्षक रजेवर असले की त्यांचे तासही माझ्याकडे यायचे. त्या अनुभवाच्या जोरावर एक मागणी घेऊन तुमच्यासमोर आलो आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना वर्षातून निदान एकदा एक अख्खं शहर शिकवा. त्या तासाला इतिहासाचं आणि भूगोलाचं पुस्तक वेगवेगळं उघडायला लावू नका. आणि ते शहर इराणमधलं यझ्द असावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

यझ्दच का? आपल्याकडे वाळवंट शिकवलं जातं ते उंट, खजूर आणि वाळूच्या टेकड्या या तीन चित्रांत. इराण येतो तो कधी नादिरशहाच्या स्वारीपुरता, कधी तेलाच्या विहिरींपुरता. पारशी समाज संजाणला उतरला, ही गोष्ट मुलांना माहीत असते. पण तिकडे मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न त्यांना कोणी विचारतच नाही. या तिन्ही अर्धवट गोष्टी यझ्दमध्ये एकमेकींना येऊन मिळतात.

आधी नकाशा. यझ्द हे इराणच्या मध्यभागातल्या यझ्द प्रांताच्या राजधानीचं शहर. इस्फहानच्या आग्नेयेला साधारण २७० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर. उत्तरेला दश्त-ए-कवीर हे खारवट वाळवंट, पूर्वेला दश्त-ए-लूत. २०१६ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ३० हजारांच्या आसपास होती. वर्षाचा पाऊस ५० ते ६० मिलिमीटर. हा आकडा फळ्यावर लिहा आणि त्याच्या शेजारी माण तालुक्याचा लिहा. ज्या माणला आपण पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी म्हणत आलो, तिथे साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. माणच्या आठव्या हिश्श्याएवढ्या पावसात पाच लाखांचं शहर उभं आहे, आणि ते कालपरवा वसलेलं नाही. हे कळलं की वर्गातलं कोणीतरी विचारतंच, "मग सर, पाणी कुठून आणतात?"

उत्तर नकाशातच आहे, पण ते शोधायला मुलांना थोडा वेळ द्या. शहराच्या नैर्ऋत्येला शिरकूह नावाचा पर्वत आहे. त्याचं शिखर ४,००० मीटरच्या वर जातं आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ साठतं. वाळवंटाच्या काठावर बर्फ, हे आपल्या तीन चित्रांत कुठेच बसत नाही. ते बर्फ वितळतं, पर्वताच्या पायथ्याच्या गाळात आणि गोट्यांत मुरतं आणि जमिनीखाली साठून राहतं. प्रश्न राहतो तो एवढाच की हे पाणी कित्येक किलोमीटर लांबच्या सपाट, तापलेल्या मैदानापर्यंत न्यायचं कसं. उघड्या कालव्याने नेलं तर ते वाटेतच आटेल. इराणी माणसाने दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच यावर तोड काढली. तिला कनात म्हणतात. कनात म्हणजे जमिनीखालून जाणारा, हाताने खणलेला भुयारी कालवा.

इथे थोडं रेंगाळा, अशी विनंती. कनात नीट समजली तर यझ्दचं बाकी सगळं आपोआप समजतं.

पर्वताच्या पायथ्याशी भूजलाच्या पातळीपर्यंत एक खोल विहीर खणतात. तिला मूळ विहीर, फारसीत मादर-चाह म्हणतात. तिच्या तळापासून एक बोगदा शहराच्या दिशेने अत्यंत सौम्य उताराने नेतात. हा उतार किलोमीटरमागे एखादा मीटर, काही ठिकाणी त्याहूनही कमी असतो. उतार जास्त झाला तर पाणी जोरात वाहून बोगदा खरवडतं. कमी झाला तर गाळ साचतो. वरची जमीन मात्र बोगद्यापेक्षा जास्त उताराची असते, म्हणून कुठेतरी बोगदा जमिनीला येऊन मिळतो आणि पाणी आपसूक बाहेर पडतं. पंप नाही, मोट नाही, इंजिन नाही. फक्त गुरुत्वाकर्षण.

यावर मी वर्गात एक गणित घालायचो, तुम्हीही घालून पाहा. समजा मूळ विहीर ६० मीटर खोल आहे. बोगद्याचा उतार किलोमीटरला १ मीटर, वरच्या जमिनीचा उतार किलोमीटरला ५ मीटर. तर पाणी किती लांब बाहेर येईल? जमीन दर किलोमीटरला बोगद्याच्या ४ मीटर जवळ येते, म्हणजे १५ किलोमीटरवर. सातवीतलं मूलही हे सोडवतं. मग त्याला सांगा की हे गणित चुकलं तर एका माणसाची कित्येक वर्षांची खोदाई वाया जाते, आणि हे करणाऱ्यांकडे कागदसुद्धा नसायचा. तेव्हा वर्गात जी शांतता होते, ती मला फार मोलाची वाटते.

ही खोदाई करणारे कारागीर म्हणजे मुकन्नी. यझ्दचे मुकन्नी इराणभर नावाजलेले. बापाकडून मुलाकडे आलेला हा धंदा. बोगद्यावर दर काही मीटरवर उभी विहीर खणत जायची, तिच्यावर लाकडी रहाट बसवायचा, खालच्या माणसाने आखूड दांड्याच्या कुदळीने खणायचं, मातीचा डोल भरायचा आणि वरच्याने तो ओढून घ्यायचा. उपसलेली माती विहिरीच्या तोंडाभोवतीच गोल टाकायची. म्हणूनच विमानातून यझ्दचं मैदान पाहिलं तर मातीच्या कड्यांच्या लांबच लांब रांगा दिसतात. त्या विहिरींतून हवा खेळते, आणि पुढे साफसफाईलाही त्यांतूनच उतरावं लागतं. दिशा सरळ ठेवायला मागे दिवे ठेवायचे आणि त्यांच्या रेषेत खणत जायचं. दिव्याची ज्योत मंदावली की आत हवा खराब झाली हे ओळखून वर यायचं. मुकन्नी पांढरे कपडे घालून खाली उतरत. बोगदा कोसळला तर तेच कफन, असं तिथे सांगतात. आपण ताजमहाल कोणी बांधला हे शिकवतो. शहरं जगवणाऱ्या या माणसांना पाठ्यपुस्तकात एक परिच्छेदही मिळू नये, हे मला सहन होत नाही.

यझ्दला पाणी पुरवणाऱ्या कनातींतली झार्चची कनात सर्वांत प्रसिद्ध. तिची लांबी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या घरात सांगतात आणि तिच्यावर दोन हजारांहून जास्त उभ्या विहिरी आहेत. युनेस्कोने २०१६ मध्ये इराणमधल्या ११ कनाती जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यांत ही आहे. शहराच्या जामा मशिदीखालून ती जाते. मशिदीच्या आवारातून पायऱ्या खाली उतरतात. अशा उतरणीला पायाब म्हणतात. वर ऊन इतकं की फरशीवर पाय ठरत नाही. दहा-बारा पायऱ्या उतरलो की अंगाला गारवा लागतो, आणखी खाली भिंतींना ओल येते, आणि अगदी तळाशी विटांच्या कमानीखाली पाण्याची चिंचोळी वाट दिसते. वजूसाठी म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, पिण्यासाठी, उन्हाच्या तडाख्यात नुसतं बसण्यासाठी माणसं शतकानुशतकं तिथे उतरत आली. त्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत. मुलांना इतिहासाचं साधन म्हणजे काय हे विचारलं की ती ताम्रपट, शिलालेख, नाणी असं घडाघडा म्हणतात. झिजलेली पायरीही साधनच असते, हे यझ्दवरून सहज दाखवता येतं.

आता पाणी आलं, पण ते वाटायचं कसं? कनातीचं पाणी सगळ्यांचं आणि तरीही प्रत्येकाचं मोजलेलं. जमीन एकाची आणि पाण्याचा हिस्सा दुसऱ्याचा, असंही असायचं. हिस्से विकले जात, वारसाने मिळत, मशिदीला वक्फ दिले जात. मोजमाप वेळेवर चालायचं. मोठ्या भांड्यात पाणी भरायचं, त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. वाटी भरून बुडाली की एक माप झालं. लग्नाच्या मुहूर्तासाठी आपल्याकडे घटिकापात्र ठेवत, अगदी तेच. फरक एवढाच की यझ्दला ते रात्रंदिवस, वर्षाचे बाराही महिने चालायचं आणि त्यावर लोकांचं डाळिंब-गहू अवलंबून असायचं. वाटीजवळ बसणारा माणूस डुलकी घेऊन चालायचं नाही. पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्याला मीराब म्हणत. त्याची निवड गावाच्या विश्वासावर होई. नागरिकशास्त्राचा यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही.

घरंही पाण्याच्या आणि उन्हाच्या हिशोबाने बांधलेली. कच्च्या विटा आणि वरून माती-भुशाचा गिलावा. जाड भिंती, अरुंद बोळ, काही बोळांवर कमानींची छपरं, म्हणजे चालणाऱ्याच्या डोक्यावर सावली. घराच्या मध्यात अंगण, बऱ्याच ठिकाणी ते रस्त्याच्या पातळीपेक्षा खोल, कारण कनातीच्या पाण्याच्या जवळ जायचं असतं. अंगणाच्या दक्षिण बाजूच्या खोल्या उत्तरेकडे तोंड करून असतात, तिथे ऊन येत नाही. त्या उन्हाळ्याच्या. उत्तर बाजूच्या दक्षिणाभिमुख खोल्यांत हिवाळ्याचं ऊन येतं. त्या थंडीच्या. एकाच घरात ऋतूप्रमाणे बिऱ्हाड हलवायचं. सूर्याचं दक्षिणायन-उत्तरायण फळ्यावर काढून दमलेल्या शिक्षकांनी हा घराचा आराखडा एकदा वापरून पाहावा.

आणि छपरांवर बादगीर, म्हणजे वारा पकडणारे मनोरे. यझ्दच्या चित्रांत सगळ्यात आधी दिसतात ते हेच. वरच्या उभ्या फटींतून वारा आत घुसतो, आतल्या विटांच्या पडद्यांमधून खाली येतो आणि हौदाच्या पाण्यावरून फिरून खोलीत शिरतो. वारा नसेल तेव्हा बादगीर धुराड्याचं काम करतो, गरम हवा वर निघून जाते. हवा कोरडी असल्यामुळे बाष्पीभवन झपाट्याने होतं आणि गारवा मिळतो. मुंबईच्या दमट हवेत हीच युक्ती फारशी चालणार नाही. का चालणार नाही, हे मुलांकडूनच काढून घ्या. यझ्दमध्ये वारे वेगवेगळ्या दिशांनी येतात म्हणून तिथले बादगीर चौमुखी, अष्टमुखीसुद्धा. जवळच्याच मेबोदला मात्र ते बहुतेक एकाच दिशेला तोंड केलेले, कारण बाकीच्या दिशांचा वारा धूळ आणतो. दौलताबाद बागेतला बादगीर सुमारे ३३ मीटर उंच, अष्टकोनी आहे. १८व्या शतकात यझ्दचा हाकीम, म्हणजे सुभेदार, मोहम्मद तकी खान बाफकी याने ती बाग उभारली. ती बागही २०११ पासून इराणी बागांच्या जागतिक वारसा यादीत आहे.

इथवर सगळं भूगोलाचं चाललं असं वाटलं असेल. आता एक गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो.

हा वारा सगळ्यांना मिळत नव्हता. यझ्द आणि आसपासच्या खेड्यांत झोरोस्ट्रियन लोक, म्हणजे जरथुष्ट्राचा धर्म मानणारे, गुजरातेत आलेल्या पारशांचे मागे राहिलेले भाईबंद, शतकानुशतकं राहत होते. त्यांच्यावर नाना बंधनं होती. घोड्यावर बसायचं नाही, ठरावीक मळकट रंगांचेच कपडे घालायचे, घर ठेंगणं ठेवायचं, आणि जिझिया भरायचा. त्याच यादीत बादगीरही होता. १९व्या शतकाच्या अखेरपर्यंत झोरोस्ट्रियन घरांवर वाऱ्याचा मनोरा बांधायला मज्जाव होता. त्या काळात यझ्दला राहिलेल्या एका इंग्रज मिशनऱ्याने लिहून ठेवलंय की एका बड्या झोरोस्ट्रियन व्यापाऱ्याला बादगीर बांधण्यासाठी गव्हर्नरला आणि प्रमुख मुजतहिदाला, म्हणजे शिया धर्मगुरूला, मोठ्या भेटी द्याव्या लागल्या होत्या. ४० अंशांच्या वर तापणाऱ्या शहरात हवेची झुळूक कोणाच्या घरात शिरावी, हे धर्म आणि सत्ता ठरवत होती. भूगोलाच्या पुस्तकात बादगीर हे "पारंपरिक वास्तुशास्त्राचं उत्तम उदाहरण" म्हणून येईल आणि इतिहासाच्या पुस्तकात जिझिया दुसऱ्याच कोणत्यातरी प्रकरणात येईल. मुलाला कधीच कळणार नाही की हे दोन्ही एकाच छपरावर होतं. माझा सगळा आग्रह या एका छपरासाठी आहे.

यझ्दचा राजकीय इतिहास मी लांबवणार नाही, तुम्हीही लांबवू नका. सनावळ्यांत मुलं हरवतात. एवढं पुरे की वाळवंटाने या गावाला जसं तहानलेलं ठेवलं तसंच काही अंशी राखलंही. १३व्या शतकात मंगोलांनी इराणची मोठमोठी शहरं बेचिराख केली. यझ्दच्या अताबेगांनी, म्हणजे तिथल्या स्थानिक राज्यकर्त्यांनी, त्यांचं स्वामित्व मान्य केलं आणि शहर टिकलं. १२७२ च्या सुमारास मार्को पोलो इथून गेला. त्याने इथल्या रेशमी कापडाची नोंद केली आहे, शहराच्याच नावाने ओळखलं जाणारं आणि दूरवर विकलं जाणारं कापड. १४व्या शतकात मुजफ्फरी घराणं याच भागातून वर आलं. जामा मशिदीचं आज दिसणारं निळ्या फरश्यांचं उत्तुंग प्रवेशद्वार त्याच शतकातलं. त्यावरचे जोडमिनार सुमारे ५० मीटर उंच, इराणमधल्या सर्वांत उंच मिनारांपैकी. १५व्या शतकात तैमुरी सुभेदार जलालुद्दीन अमीर चखमाक आणि त्याची बायको सित्ती फातिमा यांनी मशीद, बाजार, पाण्याची टाकी, सराय असा मोठा पसारा उभारला. शहराचा मुख्य चौक आजही अमीर चखमाकच्या नावाने ओळखला जातो. व्यापारी रस्त्यावरचं गाव म्हणून यझ्द जगलं. रेशीम, तेरमे नावाचं हातमागाचं नक्षीदार कापड, आणि दक्षिणेकडून आणून इथल्या दगडी जात्यांत दळलेली मेंदी. १९व्या शतकात यझ्दच्या व्यापाऱ्यांचा माल बंदर अब्बासला उतरून मुंबईलाही येत होता.

आणि इथून गोष्ट आपल्या दारापर्यंत येते.

गुजरातेतले पारशी आणि यझ्दकडचे झोरोस्ट्रियन यांचा संपर्क फार काळ तुटल्यासारखा होता. मग नवसारीच्या पुढाऱ्यांनी धर्मविषयक प्रश्न देऊन नरीमान होशंग याला इराणला पाठवलं. तो यझ्दजवळच्या शरीफाबाद-तुर्काबादच्या दस्तुरांना, म्हणजे धर्मगुरूंना, भेटला आणि १४७८ मध्ये उत्तरांचं पत्र घेऊन परतला. अशी पत्रं पुढे १७७३ पर्यंत येत-जात राहिली. त्यांना रिवायत म्हणतात. जवळपास तीनशे वर्षं एका समाजाच्या दोन तुकड्या समुद्राच्या आणि वाळवंटाच्या आरपार एकमेकांना विचारत राहिल्या, की आपला धर्म नेमका कसा पाळायचा. इतिहासात लढायांना जेवढी पानं देतो, त्यातलं एक पान या पत्रव्यवहाराला द्या.

१८५४ मध्ये मुंबईच्या पारशी मंडळींनी माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला पाठवलं. सुरतेजवळ जन्मलेल्या या माणसाने यझ्द आणि केरमानमधली झोरोस्ट्रियनांची हलाखी पाहिली, शाळा काढल्या, पडकी अग्निमंदिरं आणि दख्मे, म्हणजे मृतदेह ठेवण्याचे मनोरे, दुरुस्त केले, आणि जिझिया रद्द व्हावा म्हणून वर्षानुवर्षं शहाच्या दरबारात खेटे घातले. १८८२ मध्ये नासिरुद्दीन शहाने झोरोस्ट्रियनांवरचा जिझिया उठवला. माणेकजींचं निधन १८९० मध्ये तेहरानमध्ये झालं. मुंबईत बसून पैसा गोळा करणाऱ्या समाजाने आणि तिकडे हयात घालवणाऱ्या एका माणसाने दुसऱ्या देशातला कर रद्द करवून घेतला. आपल्या पुस्तकांतल्या समाजसुधारकांच्या यादीत माणेकजींचं नाव नाही. ते यायला हवं.

यझ्दमधल्या आतश बहरामची, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या अग्निमंदिराची, आजची इमारत १९३४ मधली. ती उभारायला भारतातल्या पारशांनी मदत केली, आणि मुंबईतल्या अग्यारी ज्याने बाहेरून पाहिल्या आहेत त्याला ती दर्शनी बाजू, ते खांब आणि वरचा फरवहर, म्हणजे पंखांचं धर्मचिन्ह, ओळखीचा वाटेल. आतला अग्नी परंपरेनुसार इसवी सन ४७० च्या सुमारापासून तेवत आहे. संकटकाळात तो जागा बदलत, लपत, खेड्यांतून हलत शेवटी यझ्दला आला.

उलट दिशेनेही माणसं आली. बंधनं, गरिबी आणि १८७०-७२ चा भीषण दुष्काळ यांना कंटाळून यझ्द आणि केरमानकडचे लोक मुंबई-पुण्याला आले. आपण ज्यांना इराणी म्हणतो ते हे. ते आधीच्या पारशांपेक्षा पुष्कळ उशिरा आलेले. नाक्यावरचं इराणी हॉटेल, संगमरवरी टेबलं, बन-मस्का आणि कडक चहा ही त्यांची आपल्याला मिळालेली देणगी. मुंबईचं कयानी १९०४ मधलं, पुण्याचं गुडलक १९३५ मधलं. फोर्टमधल्या एका बेकरीने तर यझ्दचंच नाव लावलं. १८९४ मध्ये पुण्यात जन्मलेले आणि नगरजवळ मेहेराबादला ज्यांची समाधी आहे ते मेहेरबाबा, त्यांचे वडील शेरियार इराणी हे यझ्दजवळच्या खोर्रमशाहचे. नगर जिल्ह्यातल्या मुलांना हे सांगितलं की यझ्द एकदम परकं राहत नाही.

पाण्याची विद्याही आली. बहामनी काळात बीदरला, १६१५ च्या सुमारास आपल्या रावेरपासून जवळच असलेल्या बुऱ्हाणपूरला, आणि मलिक अंबरच्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भुयारी कालव्यांनी पाणी आणलं गेलं. बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यामागे इराणहून आलेल्या जाणकाराचं डोकं होतं. खडकीची नहर-ए-अंबरी आपल्या पुस्तकांत "मलिक अंबरने पाणीपुरवठ्याची सोय केली" या एका वाक्यात उरकली जाते. ज्या शिक्षकांची शाळा मराठवाड्यात आहे त्यांनी मुलांना आधी यझ्दची कनात शिकवून मग नहरीवर न्यावं. मुलं प्रश्न विचारायला लागतील.

आजचं यझ्दही शिकवा, नाहीतर हा तास जुन्या वैभवाचं गुणगान होऊन बसेल. १९६०च्या दशकापासून खोल विहिरी आणि पंप आले. कनात तेवढंच पाणी देते जेवढं जमीन सोडेल. पंप मात्र हवं तेवढं उपसतो. भूजल खाली गेलं आणि कित्येक कनाती कोरड्या पडल्या. दुसरीकडे यझ्द प्रांतात लोखंडाच्या खाणी, पोलाद, फरश्यांचे कारखाने वाढले. त्यांनाही पाणी लागतं. मग इस्फहानच्या झायंदे रूद नदीचं पाणी नळाने यझ्दला आणलं. ती नदी स्वतःच आता वर्षातला बराच काळ कोरडी असते, आणि तिच्यात आधीच कारून नदीच्या खोऱ्यातून बोगद्यांनी पाणी वळवलेलं आहे. इस्फहानच्या पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी २०१३ मध्ये आणि त्यानंतरही ही यझ्दची जलवाहिनी फोडली. त्यांचं म्हणणं, आमची शेतं वाळत असताना पाणी दुसऱ्या प्रांताच्या कारखान्यांना का? यझ्दकरांचं म्हणणं, आम्ही प्यायचं काय? वर्गाचे दोन गट करा, एकाला इस्फहानचं म्हणणं मांडू द्या, दुसऱ्याला यझ्दचं. निकाल देण्याची घाई करू नका. मलाही तो देता आलेला नाही.

२०१७ मध्ये युनेस्कोने यझ्दचं जुनं शहर जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. कनातींचा अभ्यास करणारं आंतरराष्ट्रीय केंद्रही यझ्दलाच आहे, २००५ पासून. पण पाठाचा शेवट "म्हणून यझ्दला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला" अशा वाक्याने करू नका, ही पुस्तक लिहिणाऱ्यांना खास विनंती. त्या वाक्याने मुलाचं डोकं बंद होतं. शेवट त्या जलवाहिनीने करा.

आता व्यवहाराचं. अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल, त्यासाठी थांबायचं कारण नाही. हवामान प्रदेशांचा धडा येतो तेव्हा एक जोडतास मागून घ्या. दोन्ही विषय वेगळ्या शिक्षकांकडे असतील तर दोघांनी मिळून वर्गात उभं राहा, मुलांना तेच फार आवडतं. उपग्रह नकाशावर यझ्द आणि शिरकूह यांच्यामधला पट्टा मोठा करून कनातीच्या विहिरींची कडी मुलांना स्वतः शोधू द्या. उतारछेद काढायला लावा. तांब्याची वाटी मिळाली नाही तर प्लास्टिकच्या वाटीला टाचणीने भोक पाडा आणि ती किती वेळात बुडते ते मोजा. एखादा गट दोन भोकं पाडून लबाडी करेल. तेव्हा मीराबचं काम काय होतं ते समजावून सांगा. परीक्षेत एक प्रश्न असा घाला, ज्याचं उत्तर इतिहास की भूगोल हे ठरवता येणार नाही. "यझ्दमधल्या काही घरांवर बादगीर का नव्हते?" असा.

पुस्तक लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं दोन पानांचं आहे. एका पानावर पर्वतापासून शहरापर्यंतचा कनातीचा छेद, दुसऱ्यावर माणेकजी हातरिया आणि रिवायती. छेदाची आकृती, घराचा आराखडा आणि वरच्या गणितासारखी काही उदाहरणं मी तयार करून ठेवली आहेत. ज्या शाळेला हवी असतील तिने ती विनामूल्य वापरावीत, छापावीत, त्यात दुरुस्त्या कराव्यात. माझं नाव घालण्याची गरज नाही.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक